हॉल हसला त्या जागी: एका शिवीच्या सबटायटलचं प्रकरण

गाव, संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. चित्रपटाची मराठी सबटायटल्स मी केली होती, तेव्हा खाली ज्या चुका येतील त्यातला मोठा वाटा माझाच आहे.

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं कॉलेज आणि त्याला जोडून खेळाडूंचं वसतिगृह. साठेक मुलं, बहुतेक कबड्डी आणि कुस्तीची, थोडी मैदानी खेळांची. त्यात उत्तर कन्नडातून आलेला सतरा वर्षांचा एक मुलगा होता. चारशे मीटर धावायचा. सिद्दी समाजातला, म्हणजे काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून गुलाम, शिपाई, खलाशी म्हणून इकडे आलेल्या-आणलेल्या लोकांच्या वंशातला. महाराष्ट्राला हे लोक नवे नाहीत. निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर हबशीच होता, आणि जंजिऱ्याचे सिद्दी तर चौथीच्या इतिहासापासून आपल्या ओळखीचे. पण पुस्तकातला सिद्दी वेगळा आणि मेसच्या रांगेत पुढे उभा असलेला वेगळा.

हा मुलगा घरी कोकणी बोलायचा. त्यामुळे त्याला मराठी बोलता यायला दोन-तीन महिने लागले तरी कळत मात्र पहिल्या दिवसापासून होतं. बाकीच्यांना वाटायचं, ह्याला काही कळत नाही. ‘कोळसा’, ‘वेस्ट इंडीज’, ‘हबशी’, कधी नुसतंच ‘निग्रो’, असं सगळं त्याच्यासमोर मोकळेपणाने चालायचं. कोच सरांच्या लेखी ही मस्करी होती. त्यांचं म्हणणं, वसतिगृहात चष्मेवाल्याला ढापण्या म्हणतात, जाड्याला हत्ती म्हणतात, तसंच हे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला तेव्हा त्याच्या खोलीच्या दारावर खडूने काहीतरी लिहिलेलं होतं. काय ते त्याने कधीच सांगितलं नाही. ओल्या टॉवेलने दार पुसलं, टॉवेल वाळत घातला आणि कोच सरांना जाऊन सांगितलं की मला घरी जायचंय.

कोच सर वाईट माणूस नव्हेत. मुलगा जाऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्याची टायमिंग चांगली होती हे एक कारण असेल, पण तेवढंच नव्हतं. ते आमच्या चित्रपट मंडळाकडे आले. आम्ही चौघं मिळून महिन्यातून एकदा कॉलेजच्या हॉलमध्ये एक चित्रपट दाखवायचो. ते म्हणाले, “लेक्चर दिलं की पोरं झोपतात. खेळाडूचा एखादा असा पिक्चर दाखवा की ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडेल.”

इथेच थांबून विचारायला हवं होतं की दारावर कोणी लिहिलं ते शोधलं का. आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही. चित्रपटवाल्याला पिक्चर मागितला की तो पिक्चरच शोधायला लागतो.

कोणता चित्रपट

दोन नावं निघाली. एक अमेरिकेचा काळा धावपटू जेसी ओवेन्स ह्याच्यावरचा २०१६चा चित्रपट आणि दुसरा जॅकी रॉबिन्सनवरचा २०१३चा. रॉबिन्सन म्हणजे विसाव्या शतकात अमेरिकेच्या बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये खेळलेला पहिला काळा खेळाडू. चित्रपटाचं नाव नुसता आकडा, त्याच्या जर्सीचा नंबर: ४२. आमचा मुलगा धावपटू, तेव्हा ओवेन्स सरळ बसत होता. बर्लिन ऑलिंपिक, चार सुवर्णपदकं, समोर हिटलर.

मी ओवेन्सच्या विरोधात होतो आणि अजूनही आहे, निदान ह्या कामासाठी तरी. समोर हिटलर असला की प्रेक्षकाला फार सोपं जातं. वंशद्वेष म्हणजे नाझी, नाझी म्हणजे ते, आपण नव्हे, आणि हॉलमधला प्रत्येक जण आपोआप ओवेन्सच्या बाजूला जाऊन बसतो. रॉबिन्सनच्या गोष्टीत ती सोय नाही. त्याला छळणारे त्याच्याच देशाचे, त्याच्याच खेळातले, आणि सुरुवातीला तर त्याच्याच संघातले लोक आहेत. १९४७च्या वसंतात त्याच्या संघातल्या, ब्रुकलिन डॉजर्सच्या, काही खेळाडूंनी ‘ह्याच्याबरोबर आम्ही खेळणार नाही’ असा अर्ज फिरवला होता. मॅनेजर लिओ ड्युरोशरने सगळ्यांना रात्री उठवून झापलं तेव्हा तो बारगळला. वसतिगृहात हेच दाखवायचं होतं, एकाच मेसमध्ये जेवणाऱ्यांचा द्वेष.

मुलांना बेसबॉल कळणार नाही ही शंका होती. ती खोटी ठरली. “गिल्ली-दांडूसारखं काहीतरी आहे, फक्त पळायचं जास्त” एवढ्यावर त्यांचं भागलं.

प्रदर्शनाच्या परवानगीचं कॉलेजच्या ऑफिसने पाहिलं, त्यात शिरत नाही. खरी अडचण निराळी होती. मराठी सबटायटल्स नव्हती, इंग्रजी वाचून कळेल अशी मुलं सातआठच, आणि शो पंधरा दिवसांवर. १२८ मिनिटांचा चित्रपट. मी रोज संध्याकाळी बसायला लागलो. ह्या धंद्यात एका ओळीत साधारण ४२ अक्षरांची मर्यादा रूढ आहे. पहिल्या दिवशी त्या योगायोगाचं हसू आलं, पुढे नाही.

अडचण: एक शब्द

२२ एप्रिल १९४७. फिलाडेल्फिया फिलीज ब्रुकलिनला खेळायला आले आहेत. त्यांचा मॅनेजर बेन चॅपमन डगआउटमधून, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बसायच्या जागेतून, बाहेर येतो आणि रॉबिन्सन बॅटिंगला आला की त्याला हाका मारत राहतो. चित्रपटात हा प्रसंग लांबलचक आहे, आणि त्यात एकच शब्द पुन्हापुन्हा येतो. इंग्रजीतली सगळ्यात घाण वांशिक शिवी.

ती मराठीत काय लिहायची?

आधी एक गुंता सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. चित्रपटात दोन वेगळे शब्द आहेत. एक ‘निग्रो’. हा १९४७मध्ये सभ्य शब्द होता. रॉबिन्सन ज्या स्पर्धांमधून पुढे आला त्यांचं नावच निग्रो लीग्ज. त्याला संघात आणणारा ब्रँच रिकी हाच शब्द वापरतो आणि त्यात अपमान नसतो. दुसरा ‘निगर’, म्हणजे ती शिवी. मराठी कानाला हे दोन एकाच शब्दाचे दोन उच्चार वाटतात. त्यातून आपल्याकडे ‘निग्रो’ हा जुन्या पाठ्यपुस्तकांतला साधा शब्द. दलित साहित्याच्या चर्चेत तर तो आपुलकीने आलेला आहे. आणि आमच्या वसतिगृहात हाच शब्द एका मुलाला चिडवायला वापरला जात होता. म्हणजे अमेरिकेतला सभ्य शब्द आमच्याकडे शिवी झालेला, आणि तिथली शिवी इथे कोणाला माहीतच नाही.

पर्याय

मंडळाच्या बैठकीत (म्हणजे कँटीनमध्ये, कटिंगवर) पाच पर्याय समोर आले.

‘निगर’ तसाच लिहायचा. प्रामाणिक, पण मुलांना अंगावर काहीच येणार नाही. ‘निग्रो’चं चुकीचं स्पेलिंग समजून पुढे जातील.

‘हबशी’. शब्द आपला, जुना, नेमका आफ्रिकन माणसासाठीचा. मी ह्यावर जवळजवळ ठरवलंच होतं. मंडळातल्या निवृत्त इंग्रजीच्या मॅडमनी विचारलं, “त्या मुलाच्या आजोबांनी स्वतःची ओळख सांगताना हाच शब्द वापरला असेल, नाही का?” मुळात ते एका लोकांचं नाव आहे. पडद्यावर वीस वेळा शिवी म्हणून आणलं की हॉलमधून बाहेर पडताना ते शिवीच झालेलं असणार. तो बाद झाला.

तिसरा पर्याय ग्रंथपाल ताईंनी मांडला, आणि तो मांडायला धैर्य लागतं. त्या म्हणाल्या, इथल्या माणसाला तो शब्द जसा चावला पाहिजे तसा चावायचा असेल तर जातीवरून दिलेली शिवी घाला. मग हसणाऱ्याचं हसू जागीच विरेल.

त्या बरोबर बोलत होत्या, आणि तरीही ते करता येत नव्हतं. कायद्याचा भाग होताच. १९८९च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली चारचौघांत जातीवरून अपमान हा गुन्हा आहे, आणि भाषांतराची सबब तिथे किती टिकेल हे कोणी सांगावं? पण खरा मुद्दा मराठीच्या सरांनी काढला. ते स्वतः दलित. ते म्हणाले, “तो शब्द मी लहानपणी ऐकलाय. तुमच्या पडद्यावर कशाला वाचू? आणि हॉलमध्ये आमची पोरं बसलेली असणार, त्यांनी काय करायचं?” मग थोडं थांबून म्हणाले, “जोतीरावांनी १८७३मध्ये गुलामगिरी लिहिली, ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांचे नेते ड्यू बॉयस ह्यांना पत्र लिहिलं. नातं त्यांनी जोडलंच की. पण त्यांचं दुःख खोडून त्या जागी आपलं लिहिलं नाही.”

चौथा पर्याय, शब्दाच्या जागी टिंबं किंवा कंसात ‘शिवी’. मला हा भ्याड वाटला. हिंदी सिनेमात बीप वाजला की लोक उलट जास्त हसतात.

पाचवा ‘काळ्या’. सगळ्यांना कळणारा, दोन अक्षरी, ओळीत बसणारा. मॅडमचा आक्षेप होता की हा शब्द आपल्याकडे फार घरगुती आहे. आजी नातवाला लाडाने काळ्या म्हणते, बैलाचं नाव काळ्या असतं, आणि विठोबाला तर काळा म्हणून आपण नाचतो. शिवीइतकी विखारी धार त्याला नाही. मी म्हणालो, संदर्भाने धार येईल.

काय केलं

शनिवारी संध्याकाळी सहाचा शो. शुक्रवारी रात्री दीड वाजता फाइलमध्ये अजून सगळीकडे ‘निगर’ होतं, कारण बैठकीत ठरलं काहीच नव्हतं, चहा संपला म्हणून उठलो होतो. मी फाइंड-रिप्लेस मारलं. ‘निगर’ काढा, ‘काळ्या’ घाला, सगळीकडे.

सगळीकडे, हे महत्त्वाचं. चित्रपटात सिनसिनाटीच्या मैदानावर बापाबरोबर आलेला एक लहान मुलगा आहे. बाप ओरडतो म्हणून तोही, थोडं चाचरत, तीच शिवी ओरडतो. चॅपमनच्या तोंडचा शब्द आणि त्या पोराच्या तोंडचा शब्द ह्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. माझ्या फाइलमध्ये दोन्हीकडे एकच घरगुती ‘काळ्या’.

हॉल भरलेला होता. मुलगा तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. त्याला आधी काहीच सांगितलेलं नव्हतं. हा चित्रपट त्याच्यासाठी लावलाय हे मात्र हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं, कोच सरांनी सकाळच्या प्रॅक्टिसला तसं सांगितलंच होतं.

चॅपमनचा प्रसंग सुरू झाला. अॅलन टुडिक ह्या नटाने तो गाण्यासारखा हेल काढून, हात नाचवत केलाय. मूळ शब्दासह ऐकताना अंगावर काटा येतो, कारण तो हेल आणि ती शिवी एकमेकांना कापतात. खाली माझ्या ओळी येत होत्या: “ए काळ्या! अरे काळ्या, इकडे बघ की!” जत्रेतल्या तमाशात सोंगाड्या ओरडावा तसं ते वाचलं जात होतं. दुसऱ्या हाकेला मागून कोणीतरी फिसकन हसलं. चौथ्या हाकेला निम्मा हॉल हसत होता. एकाने तोच हेल काढून मोठ्याने म्हणून दाखवलं, आणि दहा-बारा माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या.

मुलगा पडद्याकडे बघत होता.

कोच सर दिवे लावायला उठले. मी त्यांचा हात धरला. मला पुढचा प्रसंग माहीत होता. रॉबिन्सन डगआउटमागच्या बोगद्यात जातो, भिंतीवर बॅट आपटून तिचे तुकडे करतो, कोसळून रडतो. म्हटलं, दोन मिनिटं द्या, शांत होतील. आणि झाले. टाचणी पडली तरी ऐकू यावी असे झाले. त्या वेळी मला वाटलं, जिंकलो.

नंतर कळलं ते सांगतो. तो बोगद्यातला प्रसंग खरा नाही, चित्रपटासाठी रचलेला आहे. त्या दिवशी आपण कोलमडण्याच्या जितकं जवळ गेलो तितकं कधीच गेलो नव्हतो असं रॉबिन्सनने आत्मचरित्रात लिहिलंय. समोरच्या डगआउटमध्ये जाऊन एकाला ठोसा लगावण्याचा विचारही मनात आला होता. पण त्याने बॅट मोडली नाही, खेळत राहिला. आठव्या डावात हिट मारली, दुसरा बेस चोरला (म्हणजे कोणी चेंडू टोलवायच्या आधीच पळून गाठला), आणि सामन्यातली एकमेव धाव त्याचीच. डॉजर्स १-० जिंकले. आमचा हॉल ह्या खऱ्या गोष्टीने गप्प झाला नव्हता. चार वेळा शिवी खाल्लेला माणूस जमिनीवर बसून रडला तेव्हा गप्प झाला. तो न रडता नुसता उभा असता तर हसणं चालूच राहिलं असतं.

काय झालं

चित्रपट संपल्यावर कोच सर माइकवर आले. मनापासून बोलले. “बघा, त्याला एवढं बोलले, पण त्याने उलट हात उचलला का? नाही उचलला. म्हणून तो मोठा झाला.” आणि हे म्हणताना त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मुलाचं नाव पडलं ‘बेचाळीस’. कोच सरांना हा विजय वाटला. काही मुलं खरंच कौतुकाने म्हणत होती हेही खरं. पण मराठीच्या सरांनी आठवड्याने मला गाठून सांगितलं, की मुलींच्या वसतिगृहातही हे नाव पोचलंय, आणि ‘बेचाळीस’ म्हटल्यावर मागून कोणीतरी त्या हेलात ‘ए काळ्याऽऽ’ जोडतंच.

मी ग्राउंडवर जाऊन त्याला भेटलो. तो स्पाइक्सची माती काडीने काढत होता. मी माफी मागितली, त्याने ती फारशी मनावर घेतली नाही. मग म्हणाला, “सर, तुम्ही तो शब्द हसण्यासारखा लिहिला.” वर न बघता. थोड्या वेळाने, “आणि त्या जॅकीला आधी सांगितलं होतं की, असं असं होणार म्हणून. मला कोणी सांगितलं?”

हे माझ्या डोक्यात बसलं, कारण ते अक्षरशः खरं होतं. २८ ऑगस्ट १९४५ला ब्रँच रिकीने रॉबिन्सनला ब्रुकलिनच्या ऑफिसात बोलावलं आणि सुमारे तीन तास त्याची परीक्षा घेतली. स्वतः हॉटेलचा उद्धट क्लार्क झाला, शिव्या देणारा विरोधी खेळाडू झाला, आणि बघितलं की हा काय करतो. उलट हात न उचलण्याची अट होती, पण ती समोरासमोर बसून, काय काय होईल ते दाखवून घातलेली होती. बदल्यात करार होता, महिन्याला ६०० डॉलर आणि सहीच्या वेळी ३,५०० डॉलर. आणि पाठीशी क्लबचा अध्यक्ष, म्हणजे रिकी स्वतः, उभा होता. कोच सरांनी त्यातली फक्त अट उचलून मुलाच्या गळ्यात घातली. करार नाही, पाठबळ नाही, पूर्वसूचना नाही.

आणखी एक. चित्रपट १९४७च्या हंगामावर संपतो, म्हणून सोसणं हेच उत्तर आहे असं वाटतं. खरा रॉबिन्सन तिथे थांबला नाही. १९४९पर्यंत रिकीने त्याला अटीतून मोकळं केलं होतं, आणि मग तो अंपायरशी भांडला, बोलणाऱ्याला उलट बोलला. त्याच वर्षी बॅटिंगच्या .३४२ सरासरीने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९४४मध्ये, बेसबॉलचा संबंध नसताना, सैन्यातला अधिकारी म्हणून टेक्सासमध्ये बसमध्ये मागे जाऊन बसायला त्याने नकार दिला होता. कोर्ट-मार्शल झालं, निर्दोष सुटला. १९७२च्या ऑक्टोबरात, मृत्यूच्या नऊ दिवस आधी, वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, मैदानावर सत्कार झाला तेव्हाही त्याने सांगितलं की एखादा काळा मॅनेजर दिसेल त्या दिवशी मला जास्त आनंद होईल. हा माणूस गप्प बसून मोठा झालेला नाही. गप्प बसायची दोनतीन वर्षं त्याने डोळे उघडे ठेवून विकत दिली होती.

दुसरा शो

जानेवारीत ज्युनिअर कॉलेजसाठी पुन्हा शो मागितला गेला. मी आधी मुलाला विचारलं. तो म्हणाला, दाखवा, पण माझं नाव नको आणि मी येणार नाही. ते मान्य केलं.

फाइल पुन्हा उघडली. ह्या खेपेला ‘निगर’ तसाच ठेवला आणि प्रत्येक जागा हाताने तपासली. चित्रपटाआधी सहा मिनिटं मराठीचे सर बोलले. त्यांनी अमेरिकेपासून सुरुवातच केली नाही. पळवणकर बाळूंपासून केली. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदान राखणारा चांभार समाजातला गोलंदाज, ज्याला हिंदूंच्या संघाने बोलिंगसाठी घेतलं, पण चहा मात्र तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. सरांनी घरून एक कुल्हड आणला होता. तो टेबलावर ठेवला आणि त्याबद्दल पुढे काही बोलले नाहीत. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ह्याच माणसाने शंभरावर बळी घेतले, एवढं सांगून शब्दाकडे वळले. “पडद्यावर एक शब्द येईल. तो निग्रो नाही. निग्रो त्या काळात लोक स्वतःला म्हणवून घेत. हा दुसरा आहे, मारायच्या आधी म्हणायचा. मी तो एकदाच उच्चारतो.” उच्चारला, आणि खाली बसले.

शेवटी कोणाचं भाषण ठेवलं नाही. १९४७नंतरच्या सहा ओळी मी पडद्यावर टाकल्या. त्यांत हेही होतं की १९९७मध्ये सगळ्या मोठ्या लीगमधून ४२ हा नंबर निवृत्त केला गेला, आणि फिलाडेल्फिया शहराने माफी मागितली ती २०१६मध्ये.

ह्या शोला कोणी हसलं नाही. पण ह्याचा मी फार अर्थ लावत नाही. सरांचा दरारा आहे, आणि गप्प बसलेल्या मुलांना कळलंच असेल असं नाही. अकरावीतल्या एका मुलीने मात्र उभं राहून विचारलं, की मग आपल्या पुस्तकात ‘निग्रो’ लिहिलेलं असेल तर ते चूक की बरोबर. त्यावर अर्धा तास गेला. एक मुलगा चिडून म्हणाला की बाहेरच्या देशाची शिवी कशाला समजावता, आमच्या गावात पाण्याच्या टाकीवर काय म्हणतात ते लिहा. ग्रंथपाल ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

वसतिगृहात खरा फरक पडला तो ह्या कशानेच नाही. मराठीचे सर आणि मॅडम प्राचार्यांकडे गेल्या, दाराचं प्रकरण तीन महिन्यांनी का होईना पण विचारलं गेलं, दोन मुलांच्या पालकांना बोलावलं, आणि रेक्टरने रात्रीची फेरी त्या मजल्यावरून सुरू केली. कोच सरांनी ‘बेचाळीस’ म्हणणाऱ्याला दोन राउंड लावायला सुरुवात केली. मुलगा वर्ष पुरं करून दुसऱ्या केंद्रात गेला. जाताना टायमिंग सुधारलेलं होतं.

आज केलं तर

आधी दाराचा छडा, मग वाटलं तर चित्रपट. मधला क्रम आम्ही उलटा केला आणि एका मुलाला साठ जणांसमोर धड्यातलं उदाहरण करून बसवलं.

त्याला आधी विचारायचं, आणि ‘नको’ म्हणाला तर नको.

शिवी शुक्रवारी रात्री दीड वाजता बदलायची नाही. आणि बदललीच तर एकदा मोठ्याने, त्या नटाच्या हेलात, चार माणसांसमोर वाचून बघायची. पाच मिनिटांत कळलं असतं.

शो थांबवायचा होता का? कोच सरांचा हात मी धरला ते चुकलं असं आज वाटतं. मॅडमना तसं वाटत नाही. त्यांच्या मते तिथे दिवे लागले असते तर सगळ्यांच्या नजरा एकाच खुर्चीवर गेल्या असत्या, निदान अंधाराने त्याला झाकलं. ह्यावर आमचं अजून एकमत नाही.

‘निगर’ हा पर्यायही मला पुरता पटलेला नाही. सहा मिनिटांच्या टेकूशिवाय तो उभा राहत नाही, आणि प्रत्येक हॉलमध्ये मराठीचे सर नसतात. सिनसिनाटीच्या त्या लहान मुलाच्या ओळीला तर मी शेवटी काहीच लिहिलं नाही. आवाज ऐकू येतो, खाली ओळ रिकामी. दुसऱ्या शोला ती जागा सगळ्यात जास्त लागली असं दोघांनी सांगितलं, पण दोघांचं इंग्रजी चांगलं होतं.

मुलगा गाव सोडून जायच्या आधी एकदा लायब्ररीत आला होता. ताईंनी त्याला रॉबिन्सनच्या भावाची गोष्ट सांगितली. मॅक रॉबिन्सन १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटरला ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला होता, २०.७ आणि २१.१, आणि परत आल्यावर पासाडेनात रस्ते झाडायची नोकरी करायचा, ऑलिंपिकचं जॅकेट घालून. मुलाला ती वेळ जास्त महत्त्वाची वाटली, त्याने वहीत लिहून घेतली. मग मला विचारलं, “तो ओरडणारा मॅनेजर, त्याचं काय झालं?”

मी सांगितलं, पुढच्या वर्षी, १९४८च्या हंगामात मध्येच काढलं त्याला.

“त्या दिवशी नाही?”

त्या दिवशी नाही, म्हणालो.

त्याने वही बंद केली आणि ताईंना विचारलं की ओवेन्सचा पिक्चर मिळेल का, एकट्याला बघायला.